दोघंच असलो की येणारा आवाज

९ जानेवारी २०१३

पशुखाद्याच्या कंपनीनं यंदा आमच्या दूध संस्थेला डायऱ्या दिल्या. सचिव म्हणून पहिली मी उचलली. यंदा नेमानं लिहायचं ठरवलंय, कारण यंदा एक काम तडीला न्यायचंय. गाडी विकायची.

गाडी म्हणजे आमची पांढरी अँबेसिडर. कारखान्याच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला तेव्हा घेतली. अध्यक्षांच्या बुडाखालची गाडी आपल्या बुडाखाली आली म्हणून कितीतरी दिवस माझे पाय जमिनीला लागत नव्हते. आता काळ बदलला. विहिरी कोरड्या पडल्या, गावाला टँकर लागला, संस्थेनं नेकनूर रस्त्याला जनावरांची छावणी काढली. आणि तिथं शेणाच्या पो मोजायला सचिव अँबेसिडरमधून उतरतो. काल छावणीत मागून कोणीतरी म्हणलं, "आली बघा दुष्काळाची वरात." सगळे हसले. मीही हसलो, पण रात्री जेवण गोड लागलं नाही.

दादांचंही तेच म्हणणं. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ आप्पाराव. घरात त्यांचा शब्द चालतो. "बद्री, असल्या सालात दारात गाडी बरी दिसत न्हाई. इकून टाक. मुंजाजीला टेम्पो घेऊ, चारापाणी तरी वाहील." मुंजाजी हा दादांचा मुलगा. तो तर टेम्पोचा रंगसुद्धा ठरवून बसलाय.

१२ जानेवारी

शिवकन्येला, म्हणजे आमच्या मंडळींना, आज गाडीचं सांगितलं. घरात सांगता येत नाही. दादा दिवसभर ओसरीवर असतात, रात्रीही तिथंच निजतात, आणि आमच्यात थोरल्या दिरासमोर बाई नवऱ्याशी बोलत नाही. दादांशी तर नाहीच नाही. आमच्या आबांच्या, म्हणजे वडलांच्या, वेळेपासूनचा शिरस्ता. तिला काही हवं असलं की चुलीकडं तोंड करून "मीठ सरलंय" म्हणते आणि मी ते ऐकून घेतो. म्हणून छावणीवर म्हशींची धार काढायला जाताना सांगितलं.

गावातून निघताना ती मागं बसते. पूल ओलांडला की मी गाडी थांबवतो, ती उतरून पुढं येते. मागच्या सीटची स्प्रिंग टोचते तिला. बिचारी पुलापर्यंत कशीबशी सोसते.

"गाडी इकायची म्हणतो," मी म्हणलं.

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "तुमची गाडी. तुमी ठरवा."

बरं झालं. मला वाटलं होतं वाईट वाटून घेईल. बायकांना गाडीघोड्याचं काही नसतं हेच खरं. येताना मात्र गप्प होती. एरवी छावणीतल्या एकेकाची नक्कल करते. पाहणीला आलेला साहेब शेण चुकवत कसा चालला ते तिनं परवा बसल्या जागी करून दाखवलं, मला गाडी कडेला घ्यावी लागली. आज बहुतेक दाढ दुखत असावी.

२७ जानेवारी

बीडला गाड्यांचे दलाल आहेत, पण दादा म्हणाले माणूस ओळखीचा पाहिजे. म्हणून धुळाजीला बोलावलं. धुळाजी नेकनूरच्या बाजारातला बैलांचा दलाल. उभा जन्म बैल विकण्यात गेला, आता गाडीही त्याच पद्धतीनं विकतो. बॉनेटवरून हात फिरवला, चाकाला लाथ मारली, मग टॉर्च घेऊन आत असं बघितलं की मला वाटलं दात मोजतोय. सौदाही तसाच, टॉवेलखाली बोटं धरून, भाव तोंडानं न बोलता. घाटनांदूरचा एक मंडपवाला आणला होता. त्याला नवरदेवासाठी गाडी हवी होती. टॉवेलखाली जमलं. दोघांच्याही तोंडावर हसू आलं.

पण धुळाजीचा एक नेम आहे. सौदा पक्का करण्याआधी तो घरच्या बाईला जनावराची खोड विचारतो. म्हणाला, "मालकाला मी इचारीत न्हाई. मालक काय, तारीफच करणार. चारापाणी बघणाऱ्या बाईला इचारतो." आणि आतल्या दाराला कान लावून उभा राहिला. "वैनी, काय खोड असंल तर आत्ताच सांगा. मागून माझ्या पटक्याला हात नको."

शिवकन्या आतून हळू काहीतरी बोलली. धुळाजीनं ते गावाला ऐकू जाईल असं सांगितलं, "उतारावर गिअर सुटतो म्हणत्यात."

खरं होतं. मंडपवाल्याच्या डोळ्यांपुढं नवरदेवासकट गाडी घाटात निघालेली दिसली असणार. चहा पिऊन गेला.

संध्याकाळी छावणीवर जाताना मी पुलाचीही वाट बघितली नाही. "काय गरज होती सांगायची?"

"इचारलं, सांगितलं. खोटं बोलू का?"

दाढ बरी झालेली दिसली. परत येईस्तोवर मंडपवाल्याची नक्कल चालू होती.

८ फेब्रुवारी

मांजरसुंब्याला त्रिंबक मिस्त्रीकडं गिअरचं काम करून घेतलं. शिवकन्याही आलती, म्हणाली बांगड्या भरायच्यात. काम लांबलं. आम्ही फाट्यावर भजी खाल्ली. तिखट लागलं म्हणून तिनं माझ्या कपातला चहा घेतला. दिवस चांगला गेला. बांगड्या भरायच्या राहूनच गेल्या.

११ फेब्रुवारी

टँकर आला नाही. भांडणं. गाडी एका किल्लीत चालू झाली.

१९ फेब्रुवारी

लिंबागणेशचे एक निवृत्त गुरुजी गाडी बघायला आलते. फार सभ्य माणूस. गिअर टाकून बघितला, मान डोलावली. टॉवेलखाली बोटं जुळली. धुळाजी दाराशी गेला, कान लावला आणि मागं वळून म्हणाला, "घाट चढताना घागरभर पाणी पिती म्हणत्यात."

गुरुजींनी हात जोडले. "आमच्याकडं माणसाला घागर मिळंना, सचिव." दादा गाडीकडं असे बघत राहिले जसं तिला आत्ताच पाण्याच्या चोरीत धरलंय.

रेडिएटर गळतो हे मला माहीत होतं. चालायचं म्हणून चालवत होतो. पण ही बाई हरिश्चंद्राची बहीण निघाली. पुढच्या आठवड्यात रेडिएटर काढून नवीन टाकतो. मग बघू काय सांगते.

१३ मार्च

पाटोद्याचे एक वकील आले. यावेळी मी बिनघोर होतो. गिअर नवा, रेडिएटर नवा, मागच्या सीटची स्प्रिंगसुद्धा बदलून घेतली. (ती बदलली तरी शिवकन्या पुलापाशी उतरून पुढं येतेच. इतक्या वर्षांची सवय.)

धुळाजी दाराशी बराच वेळ उभा राहिला. मग डोकं खाजवत आला. "मालक, आवाज येतो म्हणत्यात."

"कसला आवाज?"

"ते न्हाई कळत म्हणत्यात. तिसरं माणूस बसलं की येत न्हाई. दोघंच असले की येतो."

वकील म्हणाले, "हे काय, भुताटकी आहे का?" तरी सौदा मोडून गेले नाहीत. म्हणाले, आवाज काढून घ्या, पुढच्या महिन्यात येतो.

मला आजवर कसलाही आवाज आलेला नाही. पण तिचे कान तिखट आहेत. छावणीत अंधारातसुद्धा आपली म्हैस कोणती रवंथ करतेय हे ओळखते. असेल आवाज.

२० मार्च

त्रिंबकनं गाडी फिरवली, काही नाही. मी मागं बसून बघितलं, काही नाही. शेवटी त्यानं शिवकन्येलाच विचारलं, "वैनी, कसा येतो?"

"सांगून कळत न्हाई. ऐकावा लागतो," ती म्हणाली.

त्रिंबकनं हात पुसले आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, हा आवाज काढू नका. ऱ्हाऊ द्या." पैसेही घेतले नाहीत. असले मिस्त्री. काम येत नाही आणि वरून शहाणपण.

आता आपणच शोधायचा. दुसरा इलाज नाही.

२ एप्रिल

गेले काही दिवस रोज संध्याकाळी धार झाली की आम्ही दोघं आवाज ऐकायला जातो. लिंबागणेशच्या रस्त्याला वर्दळ कमी असते. ती म्हणते, हळू चालवा, हळू चालवलं की येतो. मी इतकी हळू चालवतो की काल एक सायकलवाला पुढं गेला आणि वर वळून बघून हसला.

आवाज अजून आला नाही. पण वेळ कसा जातो कळत नाही. आज तिनं सांगितलं की तिनं अजून आगगाडी बघितली नाही. रूळ बघितलेत, गाडी नाही. मला माहीतच नव्हतं. आणखी एक सांगितलं. आमच्या मुलाचं नाव आबांनी धोंडीराम ठेवलं, ते तिला मुळीच आवडलं नव्हतं. तिला दीपक ठेवायचं होतं.

"मग बोलली का नाहीस?" मी म्हणलं.

"बारशाला आबा व्हते, दादा व्हते, सगळे व्हते. तुमीच एक सापडला न्हाईत."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. तो पोरगा आता पुण्यात धीरज नाव सांगून फिरतो. म्हणजे दोघांनाही ते नाव नको होतं आणि मी मात्र त्याला हाका मारून मारून मोठा केला.

परत येताना तिनं विचारलं, "गाडी गेली म्हंजे छावणीला कसं जायाचं?" मी म्हणलं टेम्पोत, मुंजाजी सोडील. ती हं म्हणाली आणि खिडकीतून बघत बसली. मग पूल आला. ती मागं जाऊन बसली.

११ एप्रिल, पाडवा

गुढीला गाठी बांधल्या, कडुनिंब खाल्ला. दादांनी विचारलं, "बद्री, तो आवाज घावला का?" मी म्हणलं शोधतोय. मुंजाजी म्हणाला, "काका, असं हळू हळू शोधून पुढचा पाडवा येईल."

पोराचंही खरं आहे. रोज बैलगाडीनं चारा आणतो, बैलांचे खूर उलले. आणि माझी गाडी आवाज ऐकायला फिरते. मी मनाशी ठरवलं आणि दुपारी संस्थेच्या मासिक सभेत सगळ्यांसमोर सांगून टाकलं की महिनाअखेर गाडी विकतो. टाळ्या वाजल्या. आता शब्द गेला. मागं फिरायची सोय नाही.

संध्याकाळी गाडीत तिला सांगितलं. आज तिला आवाज आला का विचारलं तर म्हणाली, "न्हाई. आज काहीच ऐकू आलं न्हाई."

२६ एप्रिल

जसं झालं तसं लिहितो.

वकील आले. मी प्रामाणिकपणे सांगितलं, आवाज सापडला नाही. ते म्हणाले, "असू द्या हो. मी सडा माणूस. गाडीत एकटाच असतो. मला कुठून येणार तो आवाज." टॉवेलखाली बोटं जुळली. मुंजाजीनं तर दारातल्या बैलांच्या पाठीवर थाप मारली. धुळाजी दाराशी गेला. "वैनी, शेवटचं इचारतो. अजून काही खोड?"

आतून काहीच आलं नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. दादा टोपी सारखी करून उठायला लागले.

तेवढ्यात शिवकन्या दारातून बाहेर ओसरीवर आली. डोक्यावर पदर होता, पण तोंड दादांकडं होतं. या घरात आल्यापासून मी असं बघितलं नव्हतं. मी उभाच राहिलो.

"दादा," ती म्हणाली, "गाडीत खोड न्हाई. गिअरचं आन पाण्याचं खरं व्हतं. आवाजाचं मी खोटं बोलले."

"कावून?" दादा म्हणाले. तेही तिच्याशी थेट पहिल्यांदाच बोलत असावेत. बघत होते जमिनीकडं.

"गाडी गेली तर मी बोलू कुटं? घरात तुमचा मान हाय, तो मी राखला, पुढंबी राखीन. पर मला यांच्याशी बोलायला आवडतं, दादा. पुलाच्या पलीकडं गेलं की मी बोलते. लई बोलते. तेवढ्यासाठी दिवसभर गप ऱ्हाते. टेम्पो आणा, मी न्हाई म्हणत न्हाई. पर टेम्पोत मुंजाजी असंल. आमी दोघंच कवा असणार?"

माझी कानशिलं तापली. चारचौघांत, वकिलासमोर, दलालासमोर. लाज वाटली. आणि खरं लिहितो, छाती अशी भरून आली की काही सुचेना. माझ्याशी बोलायला आवडतं. आणि मी येडा इतके दिवस इथं स्प्रिंग टोचते म्हणून लिहीत बसलो. स्प्रिंग बदलूनही आणली. त्रिंबकला नावं ठेवली.

दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "धुळाजी, सौदा मोडला. चहा घेऊन जा." आणि उठून आत गेले. वकिलांनी जाताना माझा हात दाबला. मुंजाजी बैल सोडून घेऊन गेला.

४ मे

सभेत उभा राहून सांगितलं की गाडी विकणार नाही. कारण सांगितलं नाही. पण धुळाजीनं ते नेकनूरच्या अख्ख्या बाजारात आधीच सांगितलेलं. मागून कोणीतरी म्हणलं, "सचिव, आवाज आला का?" लई हसले लोक. मी म्हणलं, आला.

मग रतनबाई उठल्या. त्यांच्या चार म्हशी छावणीत आहेत आणि जीभ छावणीतल्या सगळ्या म्हशींपेक्षा लांब आहे. "सचिवाची गाडी कवा आमच्या दावणीत शिरली? चाऱ्याला टेम्पो पायजे तर संस्थेनं घ्यावा. एका मुंजाजीचाच चारा यायचा का? सगळ्यांचा येऊ द्या." ठराव झाला. टेम्पो संस्था घेणार, चालवायला मुंजाजी. रंग तेवढा त्याच्या मनासारखा घ्या, असं मी तोंडी सुचवलं.

मुंजाजी माझ्याशी पुन्हा बोलायला लागला. दादा नाही.

८ मे

दादा जेवताना बोलले नाहीत. भाकर अर्धी ठेवली. शिवकन्या पुन्हा चुलीकडं तोंड करून "दूध तापलंय" म्हणते. गाडीत म्हणाली, "मी चुकले का? त्यांना लई लागलं." मी नाही म्हणलं, पण मलाही तीच धाकधूक आहे. रानात राबून दादांनीच मला शिकवलं. त्यांना चारचौघांत कमीपणा आला असेल तर गाडी राहून तरी काय उपयोग. आम्ही दोघंही मग बोललो नाही फार.

१२ मे

उद्या आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया. घरोघर पितरांसाठी घागर भरायची तयारी. पाणी कुठंय, पण तांब्याभर तरी भरतील.

सकाळी दादा धुतलेलं धोतर नेसून अंगणात आले. "बद्री, कड्याला न्यायचं मला. केसरच्या माहेरी जाऊन येऊ." केसरबाई म्हणजे माझी वहिनी, माहेर कडा गावचं. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. दादा तिच्या माहेरी त्यानंतर गेले नव्हते. मग आतल्या दाराकडं न बघता म्हणाले, "हिलाबी घे."

शिवकन्या आली तर दादा आधीच मागं बसलेले. ती दाराशी घोटाळली. "तू पुढं बस," दादा म्हणाले. गावातून गाडी निघाली. पारावरचे लोक बघत राहिले. दादांनी उलट काच खाली केली, काय बघायचं ते बघा म्हणून.

पूल आला तसे दादा म्हणाले, "हाच का त्यो?"

मी हो म्हणलं. पाटोदा मागं पडलं. दोन्हीकडं काळी रानं उघडी पडलेली. मला वाटलं दादांना झोप लागली. आरशात बघितलं तर जागे होते.

"केसर गेली तवा सगळे म्हणले, लई शांत बाई व्हती," दादा म्हणाले. "मीबी म्हणलो. शांत व्हती का बोलकी, मला काय ठावं? आबा ओसरीवर बसलेले असायचे. ती आत, मी भायेर. एवढी वरसं एका घरात काढली, आन तिचा हसायचा आवाज कसा व्हता ते मला सांगता यायचं न्हाई."

मग काचेबाहेर बघत म्हणाले, "आमच्याकडं गाडी नव्हती."

शिवकन्येचे डोळे भरले. ती मागं वळली, पदर घसरला तो तसाच राहू दिला आणि म्हणाली, "मी ऐकलंय, दादा. जाऊबाई भाकऱ्या थापताना हसायच्या. तोंडावर हात धरून, पर दम लागंस्तोवर हसायच्या. तुमचीच नक्कल करायच्या."

"माझी?" दादा म्हणाले. "कशी करायची?"

तिनं करून दाखवली. दादा खाकरून टोपी कशी सारखी करतात ते. दादा हसले. डोळे पुसत हसले. मग तेही बोलायला लागले. लग्नात केसरबाईंनी त्यांच्याकडं एकदाच बघितलं होतं ते, एकदा बाजारातून गुपचूप आणलेली गजऱ्याची पुडी तिच्या हातात द्यायला दिवसभर सवड मिळाली नाही आणि फुलं खिशातच सुकली ते. मी कधीच ऐकलेलं नव्हतं यातलं काही. मी गाडी हळू केली. कडा आलं तरी दादांचं बोलणं सरलं नव्हतं, म्हणून वहिनीच्या माहेरच्या दारात न थांबता मी गाडी तशीच पुढं नेली.